मापाचं ब्लाऊज

शिवणकामाचा मला लहानपणापासून तिटकारा. शाळेत रुमालावर साखळीटाका घालायचा तास असायचा, तेव्हा मी मुद्दाम सुई हरवायची. पुढं मला बघायला पाहुणे आले तेव्हा पोरीला शिवण येतं म्हणून आईनं खुशाल ठोकून दिलं, पण सासरी कुणी परीक्षा घेतली नाही आणि मीही विषय काढला नाही. अशी मी चाळिशी उलटल्यावर परभणीत शिवणक्लास शोधत हिंडत होते, ते काही हौसेनं नव्हे.

मायला, म्हणजे माझ्या आईला, छातीत गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं. डावी बाजू पूर्ण काढून टाकली. त्यानंतर बरी होईपर्यंत म्हणून मी तिला पोखर्णीकडच्या आमच्या गावाहून परभणीला माझ्या घरी आणलं. गावात तिनं पिशवीचं ऑपरेशन झालं असं सांगायला लावलं. आमच्याकडं बायांच्या गर्भपिशव्या काढणं इतकं सर्रास झालंय की त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या चुडाव्याच्या मावशीलाही, तिनं हेच सांगितलं. खरं काय ते वडिलांना आणि मला माहीत. तिसऱ्या माणसाला कळलं तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, अशी तिनं मला शपथ घातली होती.

माझी माय कुणाचं बारसं, कुणाचं हळदीकुंकू चुकवणारी बाई नव्हती. आता ती खिडकीपाशीसुद्धा बसेना. जुनी ब्लाऊजं एका बाजूनं रिकामी लोंबायची, म्हणून ती चोवीस तास पदर ओढून घ्यायची. शेजारीण वाटी मागायला आली तरी आतल्या खोलीत जायची. आणि पुढच्या माघात मावशीच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. त्या लग्नाला मायला न्यायचंच, असं मी मनाशी धरून बसले. ती त्या मांडवात चार बायांमध्ये मोकळी बसली म्हणजे बाकीचं सगळं आपोआप ठीक होईल असं मला वाटत होतं. का वाटत होतं कोण जाणे. पण तेव्हा वाटत होतं.

नांदेडची सिस्टर म्हणाली होती की ब्लाऊजच्या आत घालायच्या तशा वस्तू विकत मिळतात, मोठ्या शहरात. मायनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रबराचं काही अंगाला लावणार नाही म्हणाली. आणि ब्लाऊज शिंप्याकडं द्यायचं तर शिंप्याला काय सांगणार? तेव्हा उरले मी.

क्लास सापडला एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या मागच्या खोलीत. दिवसभर गिरणीची घरघर, आणि आमच्या कापडांवर पिठाची पूड. शिकवणाऱ्या बाई करड्या पण हाताला चोख होत्या. बाकी सगळ्या पोरी लग्नाच्या वयाच्या, आजूबाजूच्या खेड्यांतून ऑटोनं येणाऱ्या. त्या मला काकू म्हणायच्या आणि माझा वाकडा टाका बघून हसू दाबायच्या. आधी वर्तमानपत्रावर कापणं, मग हूक-काजं, मग परकर, मग लहान मुलाचं झबलं. ब्लाऊज सगळ्यात शेवटी. मी घाई केली की बाई म्हणायच्या, काकू, कुणाच्या लग्नाची गडबड आहे का. मी हो म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

सरावाला कापडाची ददात नव्हती. मायच्या ट्रंकेत जन्मभर ओटीत आलेले ब्लाऊज पीस होते. आपल्याकडं हे पीस कुणी शिवून घालत नाही, ते एकीच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत फिरत राहतात. दिवाळीच्या आत मी त्यातले कितीतरी कापून वाया घालवले.

शेवटी ब्लाऊज आलं, आणि तिथंच माझं घोडं अडलं. ब्लाऊजचं कापड दुहेरी घडी घालून कापतात. खडूनं एकदाच आखायचं, कात्री एकदाच चालवायची, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या निघतात. सगळं शास्त्र त्या घडीवर उभं आहे. मी बाईंना विचारलं, दोन्ही बाजू सारख्या नको असतील तर कसं कापायचं? बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, सारख्या नाही आल्या म्हणजे कटिंग चुकलं. मी मान हलवली. शपथ आड येत होती, नाहीतर त्याच वेळी टेबलावर डोकं टेकून रडले असते.

दिवाळी झाली आणि क्लास निम्म्याहून रिकामा झाला. पोरी ऊसतोडीला घरच्यांबरोबर गेल्या, काही कोयता धरायला, काही फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकटी भावंडं सांभाळायला. उरलेल्या तिघी-चौघींसाठी बाईंना परवडेना. त्यांनी क्लास बंद करून नुसतं ऑर्डरींचं शिवण धरलं. बाह्या जोडण्याचा धडा माझा राहूनच गेला. मी मोबाईलवर बघून बघून शिकले, म्हणजे न शिकल्यासारखंच.

मोबाईलवरच मला ती परदेशी बाई दिसली. ती मऊ सुती दोऱ्यानं, चार सुयांवर, एक गोल वाटीसारखं विणत होती. आत कापूस भरायचा आणि ब्लाऊजच्या आत ठेवायचं. मला हर्ष झाला. सुती दोरा, कापूस! आपल्या परभणीत दुसरं आहे काय? हिवाळ्यात जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्यांतला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना लटकलेला असतो. पण विणायचा मऊ सुती दोरा म्हणाल तर अख्ख्या बाजारात नाही. तोरणाचा कडक दोरा होता, काच घासावी असा. मग लोकरीचं दुकान. लोकर नावाचीच, खरी प्लास्टिकची, आणि रंग लहान बाळांचे. दुकानदार भला माणूस. बाळ किती महिन्यांचं म्हणाला. मी म्हणाले, तीन. ऑपरेशनला तेवढेच झाले होते. त्यानं फिकट गुलाबी लोकर आणि सुया बांधून दिल्या, वर बाळाला नजर लागू देऊ नका म्हणाला.

विणलं. उसवलं. पुन्हा विणलं. पहिली वाटी टोपडं म्हणून खपली असती. ती बरी जमेपर्यंत थंडी पडली, आणि परभणीची थंडी तशी बोचरी, तरी त्या लोकरीनं मायच्या व्रणावर पुरळ आलं. मग वडिलांच्या जुन्या धोतराचं अस्तर लावलं. आत मायनं स्वतः सरकी काढून, हातानं पिंजलेला घरचा कापूस भरला. तो इतका हलका की माय जरा वाकली की वाटी गळ्यापाशी. वजन पाहिजे म्हणून आम्ही कापसात मूठभर ज्वारी घातली. हे डोकं आमच्याच घरचं, दुसरं कोण घालील? आठ-पंधरा दिवसांत ज्वारीला किडे लागले आणि त्यातला एक सकाळी मायच्या पदरावर चालायला लागला. माय हसली. खूप महिन्यांनी हसली. मीही हसले, आणि दोघींनी मिळून ज्वारी कबुतरांना टाकली.

नंतर मात्र हसण्यासारखं काही झालं नाही. वाटी जागेवर राहावी म्हणून ती सेफ्टीपिन लावायची. एकदा दुपारी बघते तर तिच्या ब्लाऊजवर रक्ताचा डाग. पिन उघडून आत टोचत होती, कितीतरी वेळ, आणि तिला पत्ता नव्हता. त्या जागेला काही कळतच नाही गं, ती म्हणाली, आणि दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी बोलत राहिली. त्याच सुमारास तिचा डावा हात सुजायला लागला. डॉक्टर म्हणाले, बगलेतल्या गाठी काढल्या की असं होतं, राहणार. म्हणजे आता एक बाजू रिकामी आणि त्याच बाजूची बाही भरलेली. मी घडी मोडून दोन बाजू दोन तऱ्हांनी कापल्या आणि कसंबसं एक ब्लाऊज उभं केलं. जांभळं, सुती, शिवण नागमोडी. मायनं ते घातलं, खिडकीपाशी गेली, आणि बाहेर भाजीवाल्याकडं बघत उभी राहिली. तेवढ्यावर मी लग्न जिंकल्याच्या थाटात होते.

मग मावशीचा निरोप आला. मापाचं ब्लाऊज पाठव. आमच्याकडं जवळच्या बायांचा आहेर असा नुसता देत नाहीत. साडीवरचं ब्लाऊज आधीच शिवून तयार ठेवतात, आणि मिळालेली साडी तिथंच नेसून मांडवात बसायचं. त्यासाठी अंगाला टेप कुणी लावत नाही. नीट बसणारं एक जुनं ब्लाऊज शिंप्याला दिलं की झालं.

मी ते जांभळं पाठवते म्हणाले. मायनं ऐकलं नाही. ते बघून शिंपीसुद्धा विचारील, ही बाई अशी कशी. तिनं ट्रंकेतलं एक जुनं काढलं, आधीचं, मोतिया रंगाचं, मायला फार शोभायचं ते. चुडाव्याकडं जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईजवळ देऊन टाकलं. मी चिडले. त्यावर ती शांतपणे म्हणाली, शिवून आलं की तू घरी टीप मारून आत घे, तुला येतंय आता. माझ्या शिवणाची आयुष्यात तेवढीच तारीफ झाली.

पण ब्लाऊज घरी आलंच नाही. ताटात साडीबरोबर हातातच देणार, असं मावशीचं ठरलेलं. आम्ही पॅसेंजरनं चुडाव्याला उतरलो तेव्हा माझ्या पर्समध्ये सुई, दोरा, कात्री आणि ती गुलाबी वाटी होती. मायनं जांभळं ब्लाऊज घातलं होतं, वरून शाल. थंडी होती, कुणी काही विचारलं नाही.

मावशीनं आल्याआल्या ताट पुढं केलं. हिरवी जरीकाठी साडी आणि वर त्याच रंगाचं शिवलेलं ब्लाऊज, अस्तर लावलेलं, छातीवरचे टक्स नेटके, असं शिवण मला जन्मात जमलं नसतं. मावशीनं दोन्ही हातांनी मायचा चेहरा धरला. "आक्का, तुझ्या मापाचं हाय बघ. नेसून ये लवकर, हळद थांबलीया."

आम्ही आतल्या खोलीला कडी लावली. मायनं शाल काढली, जांभळं काढलं. मी हिरवं तिच्या अंगावर चढवायला गेले. उजवा हात सुळकन गेला. डावा कोपराच्या वर अडकला. बाहीची शिवण उसवून बघितली, तर आत बोटाच्या पेराएवढंसुद्धा कापड ठेवलेलं नव्हतं. पुढं मात्र नुसता झोळ. मी टाचून बघितलं, वाटी घालून बघितली, तिरपा टक्स मारून बघितला. आत घेता येतं, नसलेलं कापड कुठून आणणार? बाहेरून दार वाजलं. मावशी हाक मारत होती. दुसऱ्यांदा वाजलं. मी मायला म्हणाले, जांभळंच घाल, घट्ट झालं म्हणून सांगू. ती म्हणाली, "माप मीच धाडलं न्हाई का? आता काय सांगायचं?"

मग तिनं अडकलेली बाही हळूहळू खाली ओढून काढली. हात लाल झाला होता. ब्लाऊज झटकून तिनं माझ्यापुढं धरलं.

"तू घाल. मला चक्कर आली म्हण. लेकीनं नेसलं काय न् मी नेसलं काय."

मी नको म्हणाले. दार पुन्हा वाजलं. उसवलेली बाही मी चार टाक्यांत पुन्हा जोडली, बाह्यांचा तेवढाच धडा मला आला असेल, आणि ब्लाऊज घातलं.

हूक खालून वरपर्यंत एकामागून एक लागत गेले. कुठं ओढलं नाही, कुठं सैल नाही. बगलेचा मुंढा, टक्स, पाठ, सगळं जिथल्या तिथं. शिंप्यानं मलाच समोर उभं करून शिवलं असतं तरी इतकं बसलं नसतं. मी घाबरले. माझा हात आपोआप छातीच्या डाव्या बाजूकडं गेला. मायनं ते बघितलं. तिनं माझा हात बाजूला केला, साडीच्या निऱ्या स्वतः घातल्या, पदर काढून दिला. शेवटी दोन पावलं मागं होऊन मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुठं आवळत न्हाई ना?" तिनं विचारलं.

मी न्हाई म्हणाले. ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली आणि सुजलेला हात पोटाशी घेतला.

मी बाहेर जाऊन मायला चक्कर आल्याचं सांगितलं आणि पाटावर बसले. मावशीनं कुंकू लावताना म्हटलं, आक्काच बसल्यासारखी दिसायलीस. बाया कौतुकानं हो हो म्हणाल्या. मी हसले, हळद लावून घेतली, ओटी घेतली. ओटीत एक ब्लाऊज पीस होता.

माय आता गावाकडं आहे. कुठल्या लग्नाला, बारशाला जात नाही. मी आग्रह सोडला. बाळांची लोकर उरली होती ती एका शेजारणीला दिली, सुया कपाटावर आहेत. मी माझी ब्लाऊजं पुन्हा शिंप्याकडंच देते. दर वेळी तो मापाचं मागतो, आणि मी ते हिरवं काढून त्याच्या हातात ठेवते.