बोरीतलं ताक

टाकळकर सर माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या सायकलचं टायर दाबून बघायचे. नमस्कार वगैरे नंतर, आणि बहुतेक वेळा नाहीच. पहिल्या भेटीत त्यांनी माझं पुढचं टायर अंगठ्यानं दाबलं, मागचं दाबलं आणि म्हणाले, "हवा कमी हाय. तुमच्यात बी कमीच दिसायलीय." मी पाटबंधारे खात्यातला कारकून, चाळिशी ओलांडलेला, पोट सदऱ्याबाहेर यायला बघणारं. भोवतीची मंडळी खो खो हसली. त्या दिवशी हा माणूस मला आवडला नाही, आणि आता तो जगात नाही तरी आवडत नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलायचं असतं हे मलाही कळतं. ते काम शोकसभेत बाकीच्यांनी भरपूर केलं आहे.

परभणीत लांब पल्ल्याच्या ऑडॅक्स राईड सुरू केल्या त्या सरांनीच, हे मात्र मान्य करायला हवं. निवृत्त गणिताचे मास्तर, अंगावर मांस नावाला नाही, पण जिंतूरच्या पुढे रस्ता डोंगरात शिरला की आमच्यासारखे धापा टाकायचे आणि हे गृहस्थ खुर्चीत बसल्यासारखे चढत जायचे. ऑडॅक्स ही शर्यत नसते. पहिला कोण, दुसरा कोण, हे कुणी विचारत नाही. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात कापायचं, वाटेतल्या थांब्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा, झालं. अट एकच असते. थांबे सोडून वाटेत कुठेही आपल्या माणसांची मदत घ्यायची नाही. हॉटेलात पैसे मोजून काय हवं ते खा, पण सख्ख्या भावानं आणलेलं पाणी प्यालात की बाद. बाकीच्या गावांत हा नियम किती ताणतात मला ठाऊक नाही. आमच्याकडे तो पाळला जातो का ते बघायला सर मुद्दाम सगळ्यांच्या मागून यायचे.

"शौक येगळा, ब्रेवे येगळी," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ब्रेवे म्हणजे ही राईड पूर्ण केल्याची पावती. कुणी चढावर कुरकुर केली की, "तोंडानं चढ चढायलाव का पायानं?" आणि कुणी सबब सांगितली की, "बाद म्हंजे बाद." या शेवटच्या दोन शब्दांना त्यांच्या तोंडात काय गोडी होती कोण जाणे.

स्वतःलाही ते सोडत नसत. एकदा वालूरच्या बाजूनं येताना एका जुन्या विद्यार्थ्यानं गाडी थांबवून त्यांच्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं. दोन फोडी तोंडात गेल्यावर सरांना नियम आठवला. मुक्कामी पोहोचल्यावर कुणी विचारायच्या आधी त्यांनी जाहीर केलं, "मी बाद. संत्रं खाल्लो." ही गोष्ट लोक डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मला ती ऐकली की चीड येते. माणूस ढोंगी असता तर एक शिवी हासडून मी मोकळा झालो असतो.

आता बोरीची गोष्ट. बोरी माझी सासुरवाडी, परभणी-जिंतूर रस्त्यावरच. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणतो, शेतकरी माणूस. त्यांच्या दारावरून कुणी तहानलेला पुढे गेला, असं गावात कुणी पाहिलेलं नाही. जावई कामधंदा सोडून सायकलवर हिंडतो म्हणून पाराजवळची माणसं त्यांची थट्टा करायची. पण मी एकाच वर्षातल्या चारपैकी तीन राईड पुऱ्या केल्या आणि मामांचा सूर बदलला. चौथी सगळ्यात लांब आणि डोंगरातली. तीही त्याच वर्षात झाली की पदक. त्या पदकाचं मला जेवढं वेड होतं, त्याहून जास्त मामांना. त्यांनी ते आधीच गावभर सांगून ठेवलं होतं.

डोंगर उतरून मी बोरीत आलो तेव्हा ऊन तापलं होतं आणि पाय माझे राहिले नव्हते. मामा भर रस्त्यात उभे. धुतलेलं धोतर, खांद्यावर नवा टॉवेल, हातात ताकाचा तांब्या. सासऱ्यानं दोन्ही हातांनी पुढे केलेला तांब्या नाकारणारा जावई आमच्या भागात अजून जन्माला यायचा आहे. मी घेतला. अर्धा संपतो न संपतो तोच मागे ब्रेक वाजला.

"काय प्यायलाव?"

"ताक, सर."

"कुणाचं?"

मामाच हसत पुढे झाले. "आमचंच हाय. जावई हायेत आमचे. तुमी बी घ्या की सर."

"बाद," सर मला म्हणाले. मामांना काही कळेना. मी नियम सांगितला, तसे ते घाईनं म्हणाले, "मंग इकत दिलं समजा की सर. ह्या हाटेलातूनच आनलं समजा."

"समजा-बिमजा न्हाई. जावयाला तुमीच बाद केलाव. ह्यांची वर्षाची मेहनत तुमी एका तांब्यात बुडवलाव."

मी म्हणालो, "सर, मला बोला. त्यांना कशाला?"

"ज्याची चूक त्याला सांगावं लागतं," असं म्हणून ते पायडल मारत निघून गेले. मामा तांब्याकडे बघत उभे राहिले.

मला बाद केल्याचं दुःख मी केव्हाच गिळलं. नियम होता. पण त्या दिवसापासून मामा मला भेटले की, "माझ्यामुळं तुमचं साल गेलं," यानंच बोलणं सुरू करायचे. पुढच्या वर्षी मी सरांना विनवलं, बोरीला एक थांबा ठेवा, थांब्यावर तर मदत चालते. उत्तर आलं, "तुमच्या सासुरवाडीच्या सोयीनं रस्ता आखायचा का?" मी पुन्हा चारही राईड केल्या. शेवटच्या वेळी बोरीतून जाताना मामा रस्त्याच्या कडेला उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. मी हात केला. त्यांनी नुसती मान हलवली, हात सुटले नाहीत. मागून सरांचा समाधानी आवाज आला, "बघा, शिकले."

पदक मिळालं. ते कपाटात कुठेतरी असेल.

त्याच आठवड्यात मी सरांच्या घरी गेलो. ते अंगणात साखळीला तेल देत होते. मी म्हणालो, "एकदा बोरीला चला. मामांना एवढंच सांगा, की तुमची काही चूक नव्हती." त्यांनी मान वर न करता विचारलं, "खोटं बोलू का?" मी म्हणालो, "बोला." ते म्हणाले, "जमत न्हाई." त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले आणि गेले, तेव्हाही मी भेटायला गेलो नव्हतो.

आता राईड आम्ही तिघं-चौघं मिळून आखतो. मी सगळ्यात आधी थांबा मांडला तो बोरीत, मामांच्या दारात. सांगायला स्वतः गेलो. राईडच्या दिवशी मामांनी सडा घातला, माठ भरले, पेले मांडले. मी डोंगराकडून परत आलो. त्यांनी पेला भरला, पुढे केला आणि हात मध्येच थांबला.

"सरांला इचारलं व्हतं ना?"

"मामा, सर वारले. सांगितलं होतं की तुम्हाला."

"ते ठाव हाय. जित्ते हुते तवा इचारलं व्हतं का?"

पेला तसाच हवेत. मी म्हणालो, "हो. सरच म्हणाले होते, बोरीत थांबा ठेवा. आणि म्हणाले, त्या दिवशी मामांची काही चूक नव्हती."

मामांचा हात पुढे आला. मी ताक प्यालो. त्यांनी डोळे टॉवेलनं पुसले आणि पुढचा पेला भरला.

आता बोरीत येईल त्या सायकलवाल्याला मामा सांगतात, टाकळकर सर लय मोठ्या मनाचा माणूस हुता. मी शेजारी उभा असतो. मान हलवावी लागते.