आधी आशीर्वाद

आमचे पाळकसाहेब आशीर्वाद आधी द्यायचे आणि उपदेश नंतर करायचे. ज्यांनी चर्चची पायरी चढलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या उपासनेत आशीर्वाद सगळ्यात शेवटी असतो आणि तो मिळेपर्यंत कुणी उठत नाही. पण धुळ्यात आमच्या गल्लीला नळ आठवड्यातून एखाद्या वेळी यायचा, तोही पुष्कळदा नेमका रविवारी सकाळी. चर्चसमोरच्या शकीलाभाभी गच्चीत उभ्या राहून हंड्यावर पळी वाजवायच्या. ते ठोके ऐकले की पाळकसाहेब गीत अर्ध्यावर थांबवायचे, दोन्ही हात वर करून आशीर्वाद द्यायचे आणि म्हणायचे, "ज्यांना पाणी भरायचंय त्यांनी शांतीने जा. बाकीच्यांनी उपदेश सहन करा."

मी तेव्हा साठीची, म्हणजे ऐन तारुण्यात होते. नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, चर्चच्या कमिटीत निवडून आलेली, आणि देवाच्या वतीने रागवायला पूर्ण वेळ मोकळी. घंटा होण्याआधी वर्ग सोडायचा नाही, हा माझा खरा धर्म. पहिल्याच बैठकीत मी उभी राहिले.

"पाळकसाहेब, जे पूर्ण वेळ बसतील त्यांनाच आशीर्वाद मिळाला पाहिजे."

"बाई, आशीर्वाद म्हणजे हजेरीचं बक्षीस नाही," ते म्हणाले. "आणि असलं, तरी तहानलेल्याला आधी द्यावं."

मी स्वतः नळाच्या रविवारी कधीही उठले नाही. माझी निष्ठाच तशी थोर होती. शिवाय घरी सून मोटारीचं बटण दाबायची. नळाला थेट मोटार लावलेली असली की पाणी आपोआप टाकीत चढतं आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्यांच्या नळातून फक्त हवा येते. त्या हवेचा आवाज मला चर्चमध्ये ऐकू येत नसे, त्यामुळे माझं लक्ष प्रार्थनेत छान लागायचं.

पाळकसाहेब मूळचे चाळीसगावकडचे. व्यासपीठावर त्यांचं मराठी स्वच्छ असायचं, पण मनापासून काही बोलायचं झालं की गावाकडची बोली वर यायची. एका रविवारी उपदेशात ते म्हणाले, "शेजाऱ्यावर प्रीती करा हे आपण इथं म्हणतो, आणि घरी जाऊन त्याच्या हंड्यातलं पाणी मोटारीनं ओढतो." मग जरा थांबून, "बठ्ठं पानी त्यानंच शे, बाई." सगळं पाणी त्याचंच आहे. 'बाई' म्हणताना ते नक्की माझ्याकडे बघत होते की शेवटच्या बाकाकडे, यावर मी आठवडाभर विचार केला. मग घरी मोटारीवर एक गोणपाट टाकलं.

त्यांचा बराचसा दिवस रस्त्यावर जायचा. स्वतःची पाण्याची कॅन घेऊन ते रांगेत उभे राहायचे, चहाच्या टपरीवर पेपर वाचायचे, चौकातले शुभेच्छांचे फलक मान वर करून पाहायचे. "फलकावर सगळ्यांचे हात जोडलेले," ते म्हणायचे, "आणि प्रार्थना करायचं काम मात्र माझ्या एकट्याकडे."

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना आमच्याकडे दर रविवारी होते. इतर पाळक राष्ट्रपतींपासून सुरुवात करतात आणि मुख्यमंत्र्यांपाशी थांबतात. आमचे थेट वॉर्डापर्यंत खाली यायचे. एका नाताळला आमचे नगरसेवक, ज्यांना सगळी गल्ली भाऊ म्हणायची, केक घेऊन चर्चमध्ये आले. आवारात पेव्हर ब्लॉक बसवून देतो, असा त्यांनी शब्दही दिला. कमिटी गहिवरली. मीही गहिवरले, कारण पावसाळ्यात माझ्या चपला चिखलात रुतायच्या. पाळकसाहेबांनी भाऊंच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. "हे प्रभू, भाऊंना उदंड आयुष्य दे. आणि त्यांच्या बंगल्यातला नळ आमच्या नळाच्याच दिवशी येऊ दे."

सगळं चर्च "आमेन" म्हणालं. भाऊही म्हणाले. डोळे उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

ब्लॉक आले नाहीत. उन्हाळ्यात वरून कळवण्यात आलं की यावलच्या मंडळीला आमच्या पाळकसाहेबांची फार गरज आहे. यावलच्या मंडळीलाही ते तेव्हाच कळलं. कमिटीत कुणी हरकत घेतली नाही. मी घेणार होते, पण उठताना गुडघा दुखला, म्हणून बसले.

"यावलला काय करणार?" मी त्यांना विचारलं. "तिथं केळीचे बागायतदार. पाणीच पाणी."

"तोच तर प्रश्न आहे, बाई. बोलू कशावर?"

त्यांच्या शेवटच्या रविवारी नेमका नळ आला. भाभींनी हंडा वाजवला, पाळकसाहेबांनी हात वर करून आशीर्वाद दिला आणि कुणी उठलंच नाही. ज्या बायका एरवी 'आमेन'च्या आधी दारात पोहोचायच्या, त्या पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. त्या दिवशी चर्चला आलेली माझी सूनही रडत होती. भाभींनी पुन्हा वाजवला, मग आणखी जोरात. माझ्या डोक्यात एकच विचार, की ही रडारड संपेल तेव्हा नळ गेलेला असेल आणि उद्या या सगळ्या प्यायला काय घेणार?

मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा उपदेशाच्या आधी उठले आणि पाइप घेऊन गल्लीच्या टोकापासून सुरुवात केली. दारादारात ड्रम ठेवलेलेच होते. तिकडून भाभी भरत होत्या, इकडून मी. पाणी टोकाच्या घरापर्यंत धो धो येत होतं.

"देवाची कृपा," मी म्हणाले.

"वो तो है, बाई," भाभी म्हणाल्या. "और आज आपकी मोटर भी छुट्टी पे है।"

उपासना सुटली तेव्हा मी घोट्यापर्यंत भिजलेली, पातळ खोचलेलं, हातात पाइप. पाळकसाहेब समोर येऊन उभे राहिले.

"माझा उपदेश चुकला," मी म्हणाले.

"नाही बाई. आज तो तुम्ही एकट्यांनीच ऐकला." मग त्यांनी आपली कॅन पुढे केली. "ही राहिली."

मी ती काठोकाठ भरली. ती घेऊन ते यावलला गेले. पाणी नेलं की वाटेत ओतलं, कोण जाणे.

गोणपाटासकट मोटार मी भंगारवाल्याला दिली. सून अजून अधूनमधून तिची आठवण काढते. नवे पाळक आशीर्वाद शेवटीच देतात, तेच नियमाला धरून आहे. पण नळाच्या रविवारी हंडा वाजला की मी काठी टेकत मधेच उठते, आणि ते उपदेश थांबवून माझ्याकडे रोखून बघतात. बघू देत. माझा आशीर्वाद घेऊन झालाय.