चिंबोरीचं बीळ

गाठ परत आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी मामा उरणला उतरला आणि घरी न येता खारबांधावर गेला.

गाव त्याला बांधमामा म्हणायचं. खाडीचं पाणी शेतात आणि मिठागरात शिरू नये म्हणून घातलेला तो मातीचा बांध. त्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बिळं करतात. मामा रोज काठीने ती चाचपायचा. आतलं बीळ तसंच ठेवून नुसतं तोंड लिंपणाऱ्यावर खेकसायचा. “पानी आधी इचारतं, मंग येतं,” म्हणजे आधी झिरपतं, मग बांध फोडतं, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

पहिल्यांदा गुदाशयात गाठ निघाली तेव्हा मुंबईच्या इस्पितळात मी सोबत होते. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: खालून फक्त गाठ काढायची, किंवा सगळा गुदाशय काढून पोटावर शौचाची कायमची पिशवी लावायची. कर्करोगातला कर्क म्हणजे खेकडा, हे मी मामाला वाटेत सांगितलं होतं. ते त्याला फार आवडलं होतं.

“चिंबोरी काढाल वो, पन बीळ किती खोल हाय?” त्याने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, “उथळ दिसतंय. पण आजूबाजूच्या ग्रंथी काढून तपासल्याशिवाय खात्री नाही, आणि त्या मोठ्या शस्त्रक्रियेतच निघतात. छोट्या शस्त्रक्रियेनंतर गाठ परत येण्याची भीती जास्त. तपासणीच्या फेऱ्या चुकवायच्या नाहीत.”

“फेरी तं माजा धंदा हाय!”

पिशवी घेऊन चिखलात कसं उतरायचं, म्हणून त्याने छोटी शस्त्रक्रिया निवडली.

फेरी त्याने एकही चुकवली नाही. म्हणूनच काही वर्षांनी परतलेली गाठ लवकर सापडली. तरी मोठी शस्त्रक्रिया झाली आणि पिशवी आलीच. तिला तो ‘पावना’ म्हणायचा.

“पावन्याला घेऊन उनात कुठं निघालात?” मामी ओरडायची.

“मिठाचं आगर दाखवाया!”

पुढे आजार यकृतात गेला. शेवटच्या दिवसांत मी विचारलं, “मामा, पहिल्यांदाच मोठी करायला हवी होती का रे?”

भरतीची वाट बघावी तसा खिडकीबाहेर बघत तो म्हणाला,

“काय ठाव. पन मधली वर्सं मी चिखलात उतरलो न्हाय का? ती हिशोबात कुठं टाकशील?”

ती कुठं टाकायची, मला अजून कळलेलं नाही. रक्ताच्या नात्यातली म्हणून डॉक्टरांनी मलाही तपासणी करून घ्यायला सांगितलं. मी करून घेते. मामाची काठी मामीच्या दाराआड आहे. बांधावर बिळं आहेत.