नुसतं रडायचं काम

बिदरजवळच्या जनवाड्याची शिवकन्या बाजारात भाजीचा भाव विचारायला लागली की बाया वळून बघतात. हा आवाज ऐकलाय कुठं तरी! कन्नड मालिका मराठीत येतात, त्यांतल्या सासवा, सुना आणि अधूनमधून भुतंसुद्धा तीच बोलते. तीन भाषांत भांडणारी बाई, पण महिनाभर माईकपुढं गेली नव्हती. कलबुर्गीच्या आवाज कलाकारांच्या संघटनेनं काम बंद ठेवलं होतं. मागणी सरळ होती: आम्हाला न विचारता आमचा आवाज एआयला शिकवायचा नाही, कबूल होईपर्यंत कुणी आवाज देणार नाही. संघटनेच्या सचिव विजयश्री यांना शिवकन्येनंही तसा शब्द दिला होता.

मग बिदरच्या स्टुडिओवाल्या धनराजचा फोन आला.

"अक्का, बोलू नको ना. नुसतं रड."

"आणि संघटनेला कळलं तर?"

"शब्द दिलीस ना त्यांना? हुंदका थोडाच दिलीस!"

पळवाट तिला पटली नव्हती, पटवून घ्यायची होती. घरी बसलं की काम दुसरीकडं जातं, ही धास्ती होती. गेली. पदराचं टोक पिळत माईकपुढं उभी राहिली. पडद्यावर नायिकेची आई वारली होती.

"अगं माझे मायऽऽ, कामून टाकून गेलीस गं..."

"अक्का! शब्द न्हाई पायजेत!"

पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. आमच्या भागात मुक्यानं रडणारी बाई दाखवा बरं! मयताला गेलेली बाई मेलेल्याचे गुण, त्याची खोड, ताटात राहिलेली भाकर, सगळं बोलतच रडते. तिसऱ्या वेळी शिवकन्येनं ओठ आवळले, तर हुंदकाही फुटेना.

"काय करायलीस?"

"अण्णा, मी रडले म्हंजे बोललेच की," ती म्हणाली, आणि स्वतःचंच ऐकून माईकपासून मागं सरली. म्हणजे दिलेला शब्द मोडलाच होता. "पुसा ते. माझ्यासमोर."

"विश्वास न्हाई व्हय?"

"न्हाई."

धनराजनं चार बटणं दाबली. पडदा कोरा झाला. पुसलं की नुसतं झाकलं, तिला कळेना. जिन्यात येऊन तिनं विजयश्रींना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

विजयश्रींनी एवढंच विचारलं, "किती वेळा रडलीस?"

"दोनदा, ताई."

"एआयला तेवढं पुरतं गं, बाई! तिथंच थांब. त्याला कुलूप लावू देऊ नको, खरंच पुसलंय का ते मी येऊन बघते. निघाले."

कलबुर्गी काय जवळ आहे? वर धनराज स्टुडिओचं दार ओढत होता. शिवकन्या दोन-दोन पायऱ्या चढली आणि तिनं फटीत पाय घातला.