साडूभाऊंची फोटोपरीक्षा

उभ्या चंद्रपूर जिल्ह्यात म्हातारी माणसं वाघाला भीत नाहीत तेवढी आमच्या साडूभाऊंच्या कॅमेऱ्याला भितात. पोंभुर्ण्याला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा एकट्याचा फोटो घरात सापडत नाही. मग कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातलं मुंडकं कापायचं, त्याला कोट चढवायचा आणि भिंतीवर टांगायचं. ही कापाकापी साडूभाऊंना सहन होईना. म्हणून लग्नात नवरा-नवरी राहिली बाजूला, हे आपले पिकली पानं हेरत फिरणार. "काका, इकडे पाहा. एकटेच." काकांनी विचारावं, "काऊन, कशाले?" तर हे भले गृहस्थ सांगून मोकळे, "असू द्या, मंग कामी येते." अहो, त्यानंतर काकांच्या घशाखाली बुंदी उतरायची कशी?

आणि अशा माणसाला फोटोग्राफीची परीक्षा द्यायची हुक्की आली! पास झालं तर पाटीवर 'प्रमाणित छायाचित्रकार' लिहायला मिळणार. पण अट अशी, की म्हाताऱ्या माणसांचे चेहरे हवेत. चोरून टिपलेले नाहीत, राजीखुशीनं समोर बसलेले. झालं! साडूभाऊ दिसले की बाजारातली म्हातारीकोतारी भाजी टाकून पळू लागली. एक आजोबा तर हात जोडून म्हणाले, "अजून धान कापाचा आहे बापा, मंग ये." मुदत सरत आली, चेहरा एक मिळेना. साडूभाऊंचं जेवणावरून मन उडालं. एका कागदासाठी हा माणूस एवढा का झुरतोय, याचं मला भारी कुतूहल. शेवटी विचारलंच. म्हणाले, "लोक मले मेलेल्याइचा फोटोवाला म्हणून राह्यले, भाऊ."

हे त्यांच्या मायनं ऐकलं. ती स्वतःही मुलाच्या कॅमेऱ्यासमोर कधी बसली नव्हती. दुसऱ्या दिवशी चांगलं लुगडं नेसून स्टुडिओत आली आणि स्टुलावर बसली. "काढ. पाहू काय होते ते!" साडूभाऊंनी चारदा काच पुसली, पण फोटो निघाला. पुढच्या बाजारात माय मासोळीवालीशी कचाकचा भांडताना अख्ख्या गावानं पाहिली, तेव्हा कुठे म्हातारे एकेक करून स्टुलावर येऊ लागले.

साडूभाऊ पास झाले. परीक्षकांना मायचाच फोटो सगळ्यांत आवडला. प्रमाणपत्र दुकानात झळकलं, तशी माय मागे लागली, "माहा फोटो टांग ना बापा, लोक पाहतीन." हे म्हणतात, "जागा नाई, माय." तीन भिंती रिकाम्या! मी एकदा चेष्टेनं म्हटलं, खिळा मी ठोकून देऊ का? साडूभाऊ हसले नाहीत.

"नको भाऊ," ते हळूच म्हणाले, "तिले भिंतीवर रोज पाहून मले सवय होऊन जाईन."