नातीचं टेनिस आणि सुनेचं माहेर

पाटोद्याहून सकाळच्या गाडीनं निघालो, तेव्हा सूनबाईनं धपाटे बांधून दिले आणि म्हणाली, "आबा, तिथं कुणाशी भांडू नका." मी हो म्हणालो नाही.

अंबाजोगाईला माझ्या नातीचा, ताराचा, टेनिसचा सामना होता. मुलगा फौजेत, त्यानं बायको केली मणिपूरची. लग्नात मी फेटा बांधून नाचलो होतो, अजून गावात सांगतात. ताराचा तोंडवळा आईचा. ती जिंकायला लागली तसे लोक मोबाईलवर लिहायला लागले. ही बीडची कशी? नेपाळची का? जात कोणती? खेळाचं कुणी विचारीना. ती पुण्यात राहून शिकते. तिथले सर म्हणतात, पुण्याच्या नावानं खेळ. ती मला फोनवर म्हणाली, "आबा, अंबाजोगाईतही हेच ऐकावं लागलं तर मी बीडचं नाव सोडणार." म्हणून निघालो. आपली पोर दुसऱ्याच्या नावानं खेळणार म्हणजे काय!

मांजरसुंब्याला चहा झाला. शेजारच्या माणसानं विचारलं, "कुठं निघालात?"

"नातीचा खेळ बघायला. टेनिस."

"ती बारीक डोळ्याची? ती तुमची नात हाय? खरंच?"

"मग काय तुझी हाय?"

तो पुढं केजपर्यंत खिडकीतूनच बघत बसला. बघण्यासारखं होतंही. बालाघाटाच्या उतारावर सीताफळीची झाडं लगडली होती, खाली ज्वारी हिरवीगार.

अंबाजोगाईला उतरताना चपलेचा अंगठा तुटला. फरफटत मैदानावर पोचलो. फाटकाशी एक म्हातारी सीताफळाची पाटी घेऊन बसली होती. तिनं न मागता सुतळी दिली आणि पाटी उचलून तीही माझ्यामागं आत शिरली.

लाल मातीचं मैदान, मधे जाळी. तारा पहिला डाव हरली. मी काठी घट्ट धरली. दुसऱ्यात तिनं चेंडू असा कोपऱ्यात हाणला की म्हातारी ओरडली, "मार गं माय!" मग सगळेच ओरडायला लागले. तारा जिंकली.

बक्षीस देताना जाकीटवाल्या एका पुढाऱ्यानं माईक तिच्यापुढं धरला. "मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"पाटोद्याची."

"ते झालं हो. पण मूळच्या?"

ताराचा चेहरा उतरला. मी उठलो. सूनबाईचं सांगणं गेलं वाऱ्यावर. पण माझ्याआधी म्हातारी गर्दीत घुसली.

"सरक बे बाजूला! पोरी, तुझ्या आईचं माहेर कुठलं?"

"मणिपूर," तारा हळूच म्हणाली. मला वाटलं, झालं, संपलं.

"लई लांब हाय का?"

"लई लांब. आधी रेल्वे, मग डोंगरातून मोटार."

"मग दिवाळीला तिला माहेरी न्यायला मुराळी कोण येतो?"

हा प्रश्न पोरीला आजवर कुणी केला नव्हता. ती म्हणाली, "कुणीच नाही, आजी."

म्हातारी गर्रकन माझ्याकडं वळली. "कावून वो पाव्हणं? सुनंला माहेर न्हाई का? तुमी तरी नेऊन सोडावं की!"

"अहो, मुलाला सुट्टी मिळंना..."

"तुमाला कुठली नोकरी हाय?"

सगळं मैदान हसलं. भांडायला आलेला मी मान खाली घालून उभा. तारा तर पोट धरून हसत होती. म्हातारीनं तिचा टॉवेल ओढला, त्यात निवडून सीताफळं घातली. "ही तुझ्या आईची ओटी. वाटेत खाऊ नको." पुढाऱ्याचा माईक तसाच हातात राहिला.

परतीच्या गाडीत ताराला जागा मिळाली, मला नाही. मांडीवर टॉवेल धरून ती म्हणाली, "आबा, सरांना सांगते. बीडकडूनच खेळणार." मी खांब धरून उभा होतो, पण पाय दुखत होते हे तेव्हा कळलंच नाही.

घरी सूनबाईनं पदर पसरून ओटी घेतली. पिकलेलं एक सीताफळ तिथंच फोडलं. विचारलं, "कुणी दिली? कुणाच्या घरची?"

मी ताराकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. म्हातारीचं नाव, गाव, जात, आम्ही दोघांनीही काही विचारलं नव्हतं. तसं सांगितलं.

"बरं झालं," सूनबाई म्हणाली आणि बिया ताटलीत काढायला लागली.