सनईवाल्याचा श्वास

आमच्या नाटक मंडळीत टेंभुर्णीचा फकरोद्दीन सनई वाजवायचा. गाल फुगवून ठेवायचा, नाकानं गुपचूप श्वास घ्यायचा आणि सूर कधी तुटू द्यायचा नाही. तसा दम मी पुन्हा कुणाचा ऐकला नाही.

त्याचा थोरला भाऊ अबुबकर चालता-बोलता हृदय बंद पडून गेला. जालन्यातले एक डॉक्टर अशा घरांतल्या माणसांची हृदयं एमआरआयवर पाहून संशोधन करत होते. त्यांनी फकरोद्दीनला बोलावलं. त्याच्यात दोष निघाला, तर त्याच्या लेकीला, सालेहालाही तपासावं लागणार होतं. सोबतीला मी गेलो.

श्वास थांबवला तरच हृदयाचं चित्र स्पष्ट येतं. यंत्र चालवणारी शालू काचेअलीकडून माइकवर म्हणाली, "काका, श्वास सोडा आणि तसेच थांबा."

चित्र हललं. दुसऱ्यांदाही हललं.

"काका, थांबवला ना श्वास?"

"बिलकुल! बराबर थांबवला."

मी शालूला म्हणालो, "बाई, त्याला गाल सोडायला सांगा. पन्नास वर्षं तो असाच नाकानं श्वास चोरतोय."

"काका, गाल सोडा. नाकानंही घेऊ नका."

"मंग सूर तुटंल ना, बेटा!"

"तुटू द्या."

त्यानं तुटू दिला. चित्र स्वच्छ आलं. हृदयाची भिंत जाड झालेली दिसत होती. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मुलीला मंगळवारी आणायला सांगितलं.

फकरोद्दीननं तिथंच फोन लावला. "सालेहा, मंगल को आ जा. डरने का नहीं. मैं बाहर बैठता."